डावी बाजू लपवली नाहीत म्हणून

फोटोग्राफर दादा,

सप्रेम नमस्कार. चार दिवस झाले, लिहायला बसले की डोळे भरून येतात. आज तसंच लिहून टाकते.

सहा वर्षांपूर्वी बेल्स पाल्सी झाली आणि माझ्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. बहुतेकांचा चेहरा काही महिन्यांत पूर्ववत होतो, माझा झाला नाही. डावा डोळा नीट मिटत नाही, ओठाचा कोपरा खाली राहतो, हसले तर अर्धाच चेहरा हसतो.

तुमच्याआधी दोघांकडे फोटो काढून आले होते. एकजण "मॅडम, जरा मोकळं हसा ना" असं पाच-सहा वेळा म्हणाला. दुसऱ्याने मला न विचारता चेहऱ्याची उजवी बाजू उलटी करून डावीवर चिकटवली आणि "बघा, एकदम परफेक्ट" म्हणत फोटो हातात ठेवला. माझ्या उजव्या गालावरचा तीळ डाव्या गालावरही उगवला होता! त्या बाईला मी ओळखत नाही. तरी मुकाट्याने पैसे देऊन आले, याची चीड अजून जात नाही.

तुम्ही आधी लाइट कमी केलात, कारण डाव्या डोळ्याला पाणी येतंय हे तुम्हाला दिसलं. एकदाही "हसा" म्हणाला नाहीत. मान वळवायला लावून डावी बाजू अंधारात ढकलली नाहीत.

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं. पहिला फोटो स्क्रीनवर बघताच मी तोंड फिरवलं. तुम्ही "छान आलाय हो" म्हणून समजूत घातली नाहीत. फोटोची डावी-उजवी बाजू अदलाबदल केलीत आणि म्हणालात, "आता बघा. आरशात रोज दिसता तशा." खरंच, ती मी होते. ओघळलेला कोपरा माझ्या ओळखीच्या जागी होता, केस विंचरताना रोज दिसतो तिथेच. मग फोटो पुन्हा सरळ केलात. "आणि आम्हाला अशा दिसता." परत उलटा, परत सरळ. बाहेर पुढची माणसं थांबली होती, तरी तुम्हाला घाई नव्हती. कितव्या वेळी कोण जाणे, दोन्ही चेहरे माझेच वाटायला लागले.

घरी आल्यावर वाचलं, १९७७ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात लोकांना स्वतःचा आरशातला चेहरा जास्त आवडला, आणि त्यांच्या मित्रमैत्रिणींना सरळ फोटोतला. जिचा चेहरा दोन्हीकडे सारखा नाही, तिला हा फरक किती मोठा वाटत असेल! हे आधी कुणी समजावलं असतं, तर घरच्या प्रत्येक फोटोत मी कुणाच्या तरी खांद्याआड उभी राहिले नसते.

फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळात एक्स्पोजरला वेळ लागायचा, म्हणून डोकं हलू नये यासाठी मागून लोखंडी आधार लावत. तो आधार गेला, पण समोरच्याला आपल्याला हवा तसा धरून ठेवायची सवय काहींची गेली नाही. कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस आधीच घाबरलेला असतो. त्याच्याशी सभ्यपणे वागायला कुठली महागडी लेन्स लागते?

तुम्ही दिलेल्या दोन्ही प्रिंट मिळाल्या. उलटी प्रिंट माझ्या कपाटात आहे. सरळ फोटो आईने मागून नेला.

तुमची ऋणी,
डाव्या डोळ्याला पाणी येणारी