‘शाल्की’ पाणबुडी तरी भंगारात जाऊ नये

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर ठेवलेली ‘आयएनएस कुरसुरा’ ही पाणबुडी नुकतीच सहकुटुंब पाहिली. १९६९ साली नौदलात आलेली ही सोव्हिएत बनावटीची पाणबुडी १९७१च्या युद्धकाळात अरबी समुद्रात गस्तीवर होती. २००१ मध्ये ती निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे संग्रहालय झाले.

९१ मीटर लांबी ऐकायला मोठी वाटते, पण आत दोन माणसे समोरासमोर आली की एकाला अंग चोरावेच लागते. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचे तर गोल दारातून आधी पाय टाकायचा, मग मान वाकवून अंग आत घ्यायचे. पाणी शिरले तर हेच दार घट्ट लावून बाकीची पाणबुडी वाचवायची. पलीकडे अडकलेल्यांचे काय, हे माझ्या मुलीने विचारले, तेव्हा माहिती देणारे निवृत्त नौसैनिक क्षणभर गप्प झाले. टॉर्पेडोंच्या शेजारीच झोपायचे बंक आहेत. सुमारे ७५ जण अशा जागेत आठवडेच्या आठवडे काढत. गोडे पाणी इतके मोजके, की अंघोळ ही चैनच. पुस्तकात वाचून हे अंगावर येत नाही.

याच किनाऱ्याजवळ डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी बुडाली. ती आली होती आपल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू युद्धनौकेच्या शोधात. शत्रूच्या हाती न लागलेली ती ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये मुंबईतच तोडली गेली. खर्च परवडत नाही, हे कारण मला तेव्हाही पटले नव्हते. विशाखापट्टणमला पाहून तर अजिबात पटत नाही. तिथे तिकिटासाठी रांग होती, आणि रांगेत शाळकरी मुले होती.

आता मागणी एकच. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ‘आयएनएस शाल्की’ मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये तयार झाली आणि १९९२ मध्ये नौदलात आली. आज ना उद्या तीही निवृत्त होईल. राज्य सरकारने त्या दिवसाची वाट न पाहता नौदलाशी आत्ताच बोलणी सुरू करावीत, किनाऱ्यावर जागा राखून ठेवावी आणि देखभालीच्या खर्चाची तरतूद अर्थसंकल्पातच करावी. ‘विक्रांत’च्या वेळी धावाधाव सुरू झाली, तोवर फार उशीर झाला होता.

आपला विश्वासू,
एक वाचक, मुंबई