मंत्रीसाहेब, खोली नंबर दोनची पायरी दर्यात गेली

मा. मंत्रीसाहेब, सप्रेम नमस्कार.

मी देवबागचा, तालुका मालवण. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला दर्या, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि त्यावर आमचं गाव. चार खोल्या पर्यटकांना देतो, जेवणाचं बायको बघते. तुम्ही आलेलात, सोलकढी पिऊन उभ्याउभ्याच म्हणालात की पुढच्या पावसाआधी दर्याच्या अंगाचा दगडी बंधारा पुरा होणार. पाऊस आला, मग दुसराही आला. दगड मात्र आमच्या कुंपणाच्या शंभरेक पावलं अलीकडे येऊन जे थांबलेत ते थांबलेत. बरं, बंधारा जिथे संपतो तिथेच लाट वळून जास्त खाते, हे आमच्याकडचं शाळेतलं पोरगंही सांगेल. म्हणजे अर्ध्या बंधाऱ्यापेक्षा नसता तर बरं. परवाच्या उधाणात तीन माड आणि खोली नंबर दोनची पायरी गेली.

२०२५ चा सीझन तर बोलूच नका. मे महिन्याचे शेवटचे दहा-बारा दिवस म्हणजे आमची दिवाळी, वर्षाचा हप्ता त्यातूनच निघतो. २० तारखेपासून जो धो धो लागला, २४ मेला तो कमी दाबाचा पट्टा रत्नागिरीकडे किनाऱ्यावर चढला आणि २५ ला मान्सूनच कोकणात. स्कूबा बंद, बोटी वर ओढलेल्या, फोनवर फोन, रिफंड द्या म्हणून. दिले. एका पुणेकर बाईंनी वर ऐकवलं की आधी सांगायला काय झालं होतं, आता हवामान काय माझ्या वहिनीच्या हातात आहे? आमच्या पट्ट्यात दोनशे तरी घरगुती लॉज असतील, घरटी लाख धरले तरी दोन कोटी बुडाले, हिशोब चुकला असेल तर तुमच्या बाबूंना तपासायला लावा, तेवढाच त्यांना उद्योग.

आणि हे काय एकदाच नाही झालं. २०१९ च्या दिवाळीत क्यार आलं, पाणी खळ्यात, गाद्या भिजल्या. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते, किती दिवस लाईट नाही, फ्रीजरमधली सुरमई पुरली मी. पुण्यातले शास्त्रज्ञ कधीपासून सांगतायत की अरबी समुद्र तापतोय आणि त्याने वादळं जोर धरतात. आमची आई शाळेत गेली नाही, ती पण म्हणते "दर्या आपली जागा मागता हा रे झिला". तुमच्या फाईलीत मात्र हे दरवर्षी अचानक घडतं.

भरपाईचं तर विचारूच नका. पंचनाम्याला आलेला म्हणाला हे घर लिहू की धंदा? घर लिहिलं तर धंद्याचं नुकसान नाही, धंदा लिहिला तर घराची मदत नाही. निसर्ग वादळात रायगडवाल्यांना एका माडाला २५० रुपये दिले होते सरकारने. किनाऱ्यावर चार शहाळी प्यायली की तेवढे होतात साहेब, आणि माड लावून फळ यायला सहा-सात वर्षं जातात.

न्हाणीची भिंत दोन फूट वाढवायची तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, आडवं येतं. तुमच्या महोत्सवाचा मंडप मात्र भरतीच्या रेषेवर चालतो, त्याला दर्या पण घाबरत असावा. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा झाला, मी तेव्हा हाफचड्डीत होतो, पेढे वाटलेले आठवतात. मग कोकणचा कॅलिफोर्निया करणार होते. कॅलिफोर्नियाचं राहू दे, मुंबई-गोवा हायवे २०११ पासून चाललाय, तो करा. चाकरमानी चौदा तास कंबर मोडून येतो आणि इथे आल्यावर बीच कुठाय विचारतो. काय सांगू त्याला, भरती आहे, चारनंतर दिसेल?

मागणं एकच होतं, दगड पुढे न्या. बाकीचं लिहिता लिहिता आलं, त्याला माझा इलाज नाही.

येत्या अमावास्येला परत उधाण आहे. या तेव्हा मुक्कामाला, खोल्या रिकाम्याच आहेत, पैसे घेणार नाही. फक्त रात्री नंबर दोनमधून बाहेर पडताना बॅटरी मारा, पायरी नाहीये.

आपला,
देवबागचा एक खोलीवाला