काळ्या मातीत मड टेरेन टायर घेताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मृग तोंडावर आला की नागपुरातल्या टायरच्या दुकानांत थार, जिम्नी, बोलेरोवाल्यांची गर्दी होते. मागणी बहुतेकांची एकच असते: चिखलाचे (म्हणजे मड टेरेन) द्या, मोठे द्या, रुंद द्या. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी आपल्याकडच्या मातीला मानवत नाहीत, आणि पहिली गोष्टही प्रत्येकाला लागतेच असे नाही. टायरकाम आणि फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणाऱ्या) गाड्यांची दुरुस्ती करणारी आम्ही मंडळी हे पत्र लिहीत आहोत ते याचसाठी. एका संचाला चाळीस-पन्नास हजारांच्या पुढे पैसे मोजल्यावर चूक कळून उपयोग नसतो.

आधी रस्ता बघावा. गाडी नव्वद टक्के शहरात आणि हायवेवर फिरत असेल, सुट्टीत पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या मुरूम-गिट्टीच्या वाटेने जात असेल, तर ऑल टेरेन, म्हणजे सगळ्या प्रकारच्या वाटांसाठीचा टायरच घ्यावा. गिट्टीवर तो मड टेरेनपेक्षा चांगला धरतो, कारण त्याचे जास्त रबर जमिनीला टेकते. मड टेरेन खऱ्या अर्थाने लागतो तो मृगापासून पोळ्यापर्यंत रोज पांदणीतून (शेताकडच्या गाडीवाटेने) संत्र्याच्या बागेत किंवा कपाशीच्या वावरात जाणाऱ्याला. त्याला मात्र तो लागतोच.

हिंगणा, कळमेश्वर, काटोल, नरखेड हा पट्टा बसाल्ट खडकापासून झालेल्या काळ्या मातीचा आहे. या मातीतले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात. उन्हाळ्यात जिच्या भेगांत हात जातो, तीच माती पावसात डिंकासारखी चिकटते. ओल्या पांदणीत वीस-पंचवीस फूट गाडी नेऊन खाली उतरा आणि चाक पाहा. ऑल टेरेनच्या अरुंद खाचा काठोकाठ भरलेल्या असतात, चाक सारवलेल्या भिंतीसारखे दिसते, बोट फिरवले तर नक्षी हाताला लागत नाही. त्यापुढे टायरचे रबर मातीला लागतच नाही, मातीवर माती घसरते. मड टेरेनची सारी करामत रबरी ठोकळ्यांच्या उंचीपेक्षा त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत आहे. चाक फिरताना तिथली माती बाहेर फेकली गेली पाहिजे. दुकानात याची परीक्षा सोपी आहे: टायरच्या खांद्याकडच्या, म्हणजे कडेच्या, दोन ठोकळ्यांमधल्या फटीत अंगठा आडवा बसला पाहिजे आणि ती फट टायरच्या बाजूपर्यंत सरळ उघडी असली पाहिजे. मध्येच रबराची आडवी भिंत असेल तर तिथे माती अडून बसते. खाचेच्या तळाशी बारीक उंचवटे असतील तर उत्तम. अडकलेली गिट्टी ते बाहेर ढकलतात. नव्या टायरच्या खाचांची खोली पंधरा मिलिमीटरच्या आसपास असावी. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालतो, पण खोली निम्म्यावर आली की चिखलातली पकड गेलेली असते, हे पैसे मोजतानाच लक्षात घ्यावे.

रुंदीबद्दल सर्वांत मोठा गैरसमज आहे. आपल्या पांदणींत बहुतेक ठिकाणी वर सहा इंच ते फूटभर गारा (पातळ चिखल) आणि खाली जुना मुरूम किंवा घट्ट जमीन असते. अरुंद टायर गारा कापून त्या टणक तळाला पोहोचतो. रुंद टायर वर तरंगतो, पुढे मातीचा ढीग ढकलत राहतो आणि स्टिअरिंग फिरवले तरी गाडी सरळच जाते. ज्या चिखलाला तळच नाही तिथे रुंद टायर थोडा उपयोगी पडतो, पण पावसाने भिजलेल्या नांगरटीत मुळात जीप घालायचीच कशाला? ते ट्रॅक्टरचे काम आहे.

आता मापाचा हिशेब. जिम्नीचा कंपनीचा टायर १९५/८० आर १५. रुंदी १९५ मिमी, बाजूची उंची तिच्या ८० टक्के म्हणजे १५६ मिमी. ती दुप्पट करून १५ इंची रिमचे ३८१ मिमी मिळवले की व्यास ६९३ मिमी होतो. २१५/७५ आर १५ घातला तर ७०३.५ मिमी, म्हणजे फरक दीड टक्क्याचा. हे माप बहुधा विनातक्रार बसते. २३५/७५ आर १५ चा व्यास ७३३.५ मिमी, जवळजवळ सहा टक्के जास्त. मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ ने धावत असते, किलोमीटर कमी नोंदले जातात, पहिल्या गिअरची ओढ घटते, ब्रेकला जास्त जोर लागतो. इतके करून गाडी उचलली जाते किती? व्यासवाढीच्या निम्मी, २० मिमी. स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून टायर मडगार्डला किंवा आतल्या सस्पेन्शनच्या आर्मला घासतो का ते एक चाक दगडावर चढवून पाहावे. सपाट फरशीवर घासत नाही म्हणून समाधान मानू नये.

रिमही महत्त्वाची आहे. २०२० ची थार दोन मापांत आली: २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८. बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, अनुक्रमे ७७४ आणि ७८९ मिमी. पण टायरच्या बाजूची उंची पहिल्यात १८४ मिमी, दुसऱ्यात १६६. चिखलात हवा कमी केल्यावर टायर जो पसरतो तो या बाजूच्या जोरावर. म्हणून चिखलासाठी सोळा इंची रिम बरी, अठरा इंची शहरात शोभून दिसते.

टायरच्या बाजूवर लिहिलेले वाचायची सवय आपल्याला नाही. लोड इंडेक्स ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, ११५ म्हणजे १२१५ किलो. गाडीच्या दाराजवळच्या पट्टीवर जो आकडा आहे त्याच्या खाली कधीही उतरू नये. वेगाचे अक्षर मड टेरेनवर बहुधा ‘क्यू’ असते, म्हणजे कमाल १६० किमी. समृद्धी महामार्गावर कारची मर्यादा १२० आहे, तेव्हा कागदावर हे पुरेसे आहे. पण जाड ठोकळे सतत वाकतात आणि तापतात, हवा कमी असेल तर आणखी तापतात, आणि आपला मे महिना ४५ अंशांचा. मड टेरेनवर आम्ही ९० च्या पुढे जाऊ नका असेच सांगू. बनावटीची तारीख चार आकड्यांत असते: ३५२५ म्हणजे २०२५ चा ३५वा आठवडा. दोन वर्षांहून जुना माल ‘नवा’ म्हणून घेऊ नये. आयएसआय खूण पाहावी. प्लाय, म्हणजे टायरच्या आतल्या थरांच्या मजबुतीचा आकडा, हाही पाहावा. जिम्नीसारख्या हलक्या गाडीला दहा प्लाय टायर घातला तर हवा कमी करूनही तो पसरत नाही आणि खड्ड्यांत कंबर मोडते; तिथे सहा प्लाय पुरतो.

पाचही टायर एकाच मापाचे आणि एकाच नक्षीचे घ्यावेत, स्टेपनीसकट. फोर-बाय-फोर लावल्यावर पुढची आणि मागची चाके ट्रान्सफर केसने (दोन्हीकडे ओढ वाटणाऱ्या गिअरपेटीने) एकमेकांशी बांधलेली असतात. व्यासात फरक असेल तर ताण गिअरवर येतो. वळणावरही पुढची-मागची चाके कमी-जास्त फिरतात आणि कोरड्या रस्त्यावर घसरून तो ताण सुटत नाही; म्हणून कोरड्या सिमेंट रस्त्यावर फोर-बाय-फोर लावून गाडी चालवू नये.

हवेचा आकडा टायरइतकाच मोलाचा आहे. रस्त्यावर कंपनीने सांगितलेली हवा, आणि ती सकाळी, टायर थंड असताना मोजलेली. दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) वाढते. दुपारी समृद्धीवरून उतरून ३० चे ३५ दिसले म्हणून हवा सोडली तर सकाळी टायर उपाशी असतो. पांदणीत शिरण्यापूर्वी थारसारख्या गाडीला १८, जिम्नीला १५-१६ पर्यंत उतरवावी. त्याहून खाली गेल्यास वळणावर टायर रिमवरून निसटतो. या हवेवर वेग ३० च्या आत ठेवावा आणि डांबर लागण्याआधी पुन्हा भरावी. बॅटरीवर चालणारा पंप जवळ नसेल तर हवा सोडूच नये. लहान पंप तापतो, दोन टायर भरले की त्याला दहा मिनिटे थांबवावे.

चिखलात लो रेंज (फोर-बाय-फोरची कमी वेगाची, जास्त ओढीची जोडणी), दुसरा गिअर, एकसारखा अॅक्सिलरेटर. गाडी पुढे सरकायची थांबली त्याच क्षणी पाय काढावा. नंतर फिरवलेले प्रत्येक चाक खड्डा खोल करते आणि गाडी डिफरन्शियलवर (अॅक्सलच्या मधल्या गोळ्यावर) बसते.

घरी परतल्यावर रिमची आतली बाजू धुवावी. ७०-८० ला स्टिअरिंग थरथरते म्हणून लोक बॅलन्सिंगला येतात आणि आत मुठीएवढी वाळलेली काळी माती निघते; ती दगडासारखी होते. गिट्टीच्या वाटेनंतर खाचांतले खडे स्क्रूड्रायव्हरने काढावेत, नाहीतर ते रबरात उतरत जातात. दर ७-८ हजार किलोमीटरला चाके आलटून-पालटून लावावीत. ठोकळ्यांवरून तळहात फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर हे काम आधीच व्हायला हवे होते. शहरातल्या आडव्या रेघांच्या सिमेंट रस्त्यांवर हा टायर घूं-घूं आवाज करतो आणि लवकर झिजतो. पावसाच्या पाण्यात ब्रेक लावल्यावर तो हायवे टायरपेक्षा लांब जाऊन थांबतो. ठोकळ्यांवर बारीक चिरा असलेला टायर त्यातल्या त्यात बरा.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. चाके फिरवत पांदणीत फूट-फूट खोल चाकोऱ्या पाडल्या की त्यात पाणी साचते आणि दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याची बैलबंडी तिथेच फसते. चिखल टाळायला धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) गाडी नेली तर धुरा खचतो आणि वावरातली माती वाहून जाते. वर्षभर त्या वाटेने ज्यांना जायचे आहे त्यांची ती वाट आहे. सलग पाऊस असेल त्या दिवशी गाडी गावात ठेवून पायी जावे.

टायर विक्रेत्यांना आपल्या दैनिकातून एक विनंती: बिलावर नुसते ‘मड टायर, ४ नग’ असे न लिहिता माप, लोड इंडेक्स, वेगाचे अक्षर आणि बनावटीचा आठवडा लिहून द्यावा. ग्राहकांनीही तसे बिल मागून घ्यावे आणि टायर चढवण्यापूर्वी चारही गोष्टी टायरशी ताडून पाहाव्यात.

आपले,
टायरकाम व फोर-बाय-फोर दुरुस्ती करणारे काही वाचक,
नागपूर