जी. आय. पी.चे विसरलेले फाटे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १६ एप्रिल जवळ आला की मराठी वर्तमानपत्रांतून बोरीबंदर ते ठाणे या पहिल्या गाडीची हकिकत छापून येते. १८५३ सालची ती दुपार, चौदा डबे, चारशे निमंत्रित, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने आणि नाना शंकरशेट यांचा पुढाकार, हे सारे आता शाळकरी मुलांनाही पाठ झाले आहे. ही हकिकत सांगितली जावी याबद्दल वाद नाही. मात्र तेवढीच सांगितली गेल्यामुळे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, म्हणजे जुन्या मंडळींच्या तोंडच्या जी. आय. पी.चा, इतिहास हा मुख्य मार्गाचाच इतिहास होय आणि शाखामार्ग हे त्याला मागाहून सवडीने फुटलेले फाटे होत, असा समज पक्का होऊन बसला आहे. तो बऱ्याच अंशी चुकीचा आहे, आणि मुंबईच्या आसपासच्या दोन-चार फाट्यांवरून तसे दाखवता येते.

खोपोलीचेच पाहा. कर्जतहून खोपोलीला जाणारा जेमतेम पंधरा किलोमीटरचा एकेरी मार्ग आज उपनगरी नकाशाच्या एका कोपऱ्यात पडलेला आहे. पळसदरी, केळवली, डोळवली आणि लौजी ही मधली स्थानके कित्येक मुंबईकरांना ऐकूनही ठाऊक नसतात आणि एक लोकल चुकली तर पुढचीची वाट बराच वेळ पाहावी लागते, हे तिथल्या रहिवाशांना सांगायला नको. पण मे १८५६ मध्ये जी. आय. पी.चे रूळ कल्याणच्या पुढे सरकत खोपोलीला पोहोचले, तेव्हा हा फाटा नव्हता. मुंबईहून दख्खनकडे जाणारी मुख्य वाट तीच होती. भोरघाट अजून बांधून व्हायचा होता. जून १८५८ मध्ये घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे हा तुकडा सुरू झाला, तरी मधला घाट तसाच होता. त्यामुळे पुण्याला निघालेला उतारू खोपोलीला गाडीतून उतरत असे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढत असे आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी धरत असे. ही दोन तुकड्यांतली वाहतूक जवळपास पाच वर्षे चालली.

घाटाच्या बांधकामाची कथा तर स्वतंत्र पुस्तकाचा ऐवज आहे. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने आखलेल्या या चढणीला १,८३१ फूट उंची गाठायची होती आणि काही ठिकाणी दर सदतीस फुटांना एक फूट असा चढ होता. पंचवीस बोगदे खोदावे लागले. एका टप्प्यावर जागाच नसल्यामुळे गाडी पुढे जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडले जायचे आणि गाडी उलट दिशेने वर निघायची. ही उलटापालट १९२०च्या दशकाच्या अखेरीस नवा मार्ग होईपर्यंत चालू होती. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याने १८५९ मध्ये काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारला. तेव्हा त्याची विधवा अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट स्वतःकडे ठेवले आणि अनुभवी अभियंत्यांना हाताशी धरून ते तडीस नेले. कामाचा जोर होता त्या १८६१ साली या डोंगरावर चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते, आणि पटकीच्या साथींनी त्यांतले किती दगावले याची नावनिशी कुठेही उरलेली नाही. बर्कलीचे नाव निदान अभियंत्यांना माहीत असते. या मजुरांसाठी घाटात एखादा साधा दगडही नाही, ही गोष्ट मला खटकते.

१८६३ मध्ये घाट खुला झाला. नवा मार्ग पळसदरीहून डोंगराकडे वळला आणि खोपोली, जिथे कालपर्यंत दख्खनचा सगळा उतारू थांबत होता, ती मुख्य वाटेवरून बाजूला पडली. आजही पळसदरीच्या पुढे खिडकीतून पाहिले तर हे रुळांतच दिसते: पुण्याचे रूळ चढणीला लागून बोगद्यांच्या दिशेने वर निघतात आणि खोपोलीचा एकटा रूळ तसाच सखल भातखाचरांच्या कडेने सरळ जातो. तेव्हा ज्याला आपण शाखा म्हणतो तो मूळचा मार्ग आहे, आणि ज्याला मुख्य मार्ग म्हणतो तो त्याला फुटलेला फाटा आहे.

दुसरी गोष्ट कापसाची. जी. आय. पी. उभी राहिली ती लोकांच्या सोयीसाठी, असे आपण मोठ्या भाविकपणे म्हणतो. लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता आणि कंपनीच्या भागधारकांना भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारी तिजोरीतून मिळालेली होती, हे त्यामागचे रोकडे कारण होय. गंमत अशी की भुसावळहून नागपूरकडे गेलेला मार्ग वऱ्हाडातल्या खामगाव आणि अमरावती या दोन मोठ्या कापूसपेठांना काही मैलांनी चुकवून गेला. मग १८७० च्या सुमारास जलंब ते खामगाव आणि बडनेरा ते अमरावती असे दोन लहान फाटे सरकारी पैशाने बांधण्यात आले आणि चालवायला जी. आय. पी.कडे देण्यात आले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे गेलेली अरुंद रुळांची शकुंतलाही याच कापसाच्या ओढीने आली. खामगावच्या बाजारात भरलेल्या गाठीचा प्रवास अशा रीतीने एका फाट्यावर सुरू होत असे. मुंबईत तो वाडीबंदरला संपे आणि तिथून गाठी बैलगाड्यांवर लादून कुलाब्याच्या कापूसबाजारात नेल्या जात. १ जानेवारी १९१५ रोजी पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली, शिवडी-माझगावकडच्या भरावाच्या जमिनीवर कापसाच्या वखारी उभ्या राहिल्या आणि गाठीच्या प्रवासाचे दुसरे टोकही एका फाट्यावरच जाऊन टेकले. कॉटन ग्रीन स्थानकाचे नाव तिथून आलेले आहे.

हार्बर मार्गाचा जन्मही असाच बंदराच्या गरजेतून झाला. १२ डिसेंबर १९१० रोजी तो कुर्ला ते रे रोड एवढाच सुरू झाला आणि पुढची पंधरा वर्षे व्हिक्टोरिया टर्मिनसशी त्याचा सांधा नव्हता, कारण मधल्या दाट वस्तीतून जमिनीवर रूळ टाकायला जागाच नव्हती. अखेर डॉकयार्ड रोडवरून सँडहर्स्ट रोडपर्यंत मार्ग उचलून घेण्यात आला. सँडहर्स्ट रोडला खाली मेन लाइनच्या फलाटावर उभे राहून वरचा हार्बरचा फलाट पेलणारे लोखंडी खांब जवळून पाहावेत. रंगाच्या थरांखालून ‘जी. आय. पी. आर.’ ही अक्षरे आणि १९२१ हे साल अजून वाचता येते. याच वाटेने ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला विजेची गाडी धावली. ती देशातली पहिली. म्हणजे बोरीबंदर-ठाणे मार्गाला जो मान वाफेच्या बाबतीत मिळाला, तो विजेच्या बाबतीत एका शाखामार्गाने पटकावला. पण ३ फेब्रुवारीला तिच्याविषयी लिहून आलेले फारसे दिसत नाही.

सर्वांत उपेक्षित राहिली ती ट्रॉम्बे-अंधेरी रेल्वे. कुर्ला-चेंबूर हा तुकडा मुळात शहराचा कचरा देवनारच्या बाजूला वाहून नेण्यासाठी टाकलेला होता आणि १९२४ मध्ये त्यावरून माणसांची वाहतूक सुरू झाली. चेंबूरच्या आजच्या जागांचे भाव पाहता हा भूतकाळ तिथल्या रहिवाशांना आवडणार नाही, पण तो आहे. १९२८ मध्ये साष्टी बेटाच्या आडव्या अंगाने, ट्रॉम्बेहून कुर्ला आणि कोळेकल्याणवरून थेट अंधेरीपर्यंत जी. आय. पी.ची गाडी धावू लागली. तेव्हा तिथे शेते आणि गावठाणे होती, उतारू मिळेनात, आणि १९३४ मध्ये हा मार्ग गुंडाळण्यात आला. त्यानंतर पूर्व आणि पश्चिम उपनगरे रुळांनी आडवी जोडायला शहराला २०१४ साल उजाडावे लागले, वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा. मधली ऐंशी वर्षे अंधेरीचा माणूस कुर्ल्याला जायला दादरचा वळसा घेत राहिला किंवा बसमध्ये ताटकळत राहिला. उतारू नाहीत म्हणून बंद केलेली वाट जर नुसती मोकळी राखून ठेवली असती, तर पुढे किती खर्च आणि किती मनस्ताप वाचला असता, याचा हिशेब नगररचनेच्या अभ्यासकांनी मांडण्यासारखा आहे. रूळ काढले तरी वाट राखावी, ही साधी दूरदृष्टी तेव्हा कोणी दाखवली नाही.

हे सर्व आज लिहिण्याला निमित्त आहे ते बंदराच्या जमिनीच्या पुनर्विकासाचे. पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेवरून एके काळी बोटीने आलेल्या उतारूंना घेऊन फ्रंटियर मेलसारख्या गाड्या थेट धक्क्यालगतच्या बॅलार्ड पिअर मोल स्थानकातून सुटत. १४ एप्रिल १९४४ रोजी फोर्ट स्टिकिन या बोटीच्या स्फोटाने गोद्यांसह याच परिसराची राखरांगोळी झाली आणि त्यातूनही ही मालवाहतूक पुन्हा उभी राहिली. आता ती थांबली आहे. वखारींच्या मधून गेलेले रूळ झुडपांत गेले आहेत आणि काही डांबराखाली दबले आहेत. पुनर्विकासाचे आराखडे करताना या मार्गाचे तपशीलवार मोजमाप आणि छायाचित्रण आधी व्हावे, त्याची अखंड पट्टी शक्य तिथे पादचाऱ्यांसाठी अथवा पुढच्या एखाद्या वाहतुकीसाठी मोकळी ठेवावी आणि रुळांचा निदान एक लांबसा तुकडा जागच्या जागी राहू द्यावा, अशी संबंधितांना विनंती आहे. मध्य रेल्वेनेही पळसदरी आणि खोपोली या दोन्ही स्थानकांवर या मार्गाचा इतिहास सांगणारा मराठी फलक लावावा. त्याला खर्च फारसा नाही.

आपल्या वर्तमानपत्रालाही एक सुचवावेसे वाटते. कोळेकल्याण, सहार आणि चकाला या गावठाणांतल्या जुन्या घरांतून ट्रॉम्बे-अंधेरी गाडीची तिकिटे, वेळापत्रके किंवा छायाचित्रे पेटाऱ्यांत पडून असण्याचा संभव आहे. आपण जाहीर आवाहन केलेत तर ती बाहेर येतील. ज्या घरांतून वडीलधाऱ्यांनी या गाडीच्या आठवणी पुढे सांगितल्या आहेत, त्यांनी त्या गावाच्या आणि स्थानकाच्या नावानिशी लिहून पाठवाव्यात आणि आपण त्या येत्या १६ एप्रिलच्या पुरवणीत छापाव्यात.

कळावे,
आपला एक वाचक,
परळ, मुंबई