समासातली पेन्सिल

प्रिय आई-बाबा,

सप्रेम नमस्कार.

बाबा, मागच्या खेपेची एक गोष्ट मनातून जात नाही. प्रार्थनेनंतर तुम्ही बायबलमधल्या पौलाची गोष्ट सांगत होतात, दिमिष्काच्या वाटेवर तो घोड्यावरून कसा कोसळला ती. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "बाबा, तिथे घोडा नाहीच." तुम्ही चष्मा पुसलात, प्रेषितांची कृत्ये उघडलंत आणि नवव्या अध्यायात ओळीखाली बोट धरून वाचत गेलात. मग म्हणालात, "खरंच की. इतकी वर्षं मी घोडा बघत होतो." आणि समासात पेन्सिलीने लिहिलंत, 'घोडा नाही'.

परवा ऑफिसात माझ्याहून कितीतरी लहान मुलीने माझ्या हिशेबातल्या एका आकड्याला गोल करून कागद समोर ठेवला. मी म्हटलं, "माहीत आहे मला, बदलणारच होते." मला माहीत नव्हतं, आई. चूक आकड्याची होती, पण खोटं मी स्वतःहून बोलले.

त्या रात्री नीतिसूत्रे १२:१ वाचलं. कानउघाडणीचा तिटकारा करणाऱ्यासाठी तिथे मूळ हिब्रूत जो शब्द आहे, तो जनावरासारख्या मंदबुद्धीचा आहे. फार लागलं.

मग निर्गमाचा १८वा अध्याय काढला. मोशे मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला तेव्हाच ८० वर्षांचा होता. लोकांना समुद्रातून पार नेलेला, देवाशी बोलणारा माणूस. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसतो आणि भेटीला आलेला सासरा, मिद्यानाचा याजक इथ्रो, त्याला सांगतो की हे तू बरं करत नाहीस, अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. 'देव माझ्याशी बोलतो, तुम्ही कोण सांगणारे?' असं मोशे म्हणू शकला असता. तो ऐकतो आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमतो. बाबा, हे वाचताना मला तुमची पेन्सिल दिसत होती.

इथ्रोचंही मला शिकायचंय. त्याने आधी सगळी हकिकत ऐकली, दुसऱ्या दिवशी काम पाहिलं, प्रश्न विचारला आणि मग बोलला. अपुल्लो या उपदेशकाच्या शिकवणीत जे अपुरं होतं, तेही प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्याने त्याला जवळ घेऊन समजावलं, भर सभास्थानात नाही. मी मात्र तुम्हाला चारचौघांत टोकलं. बाबा, माफ करा. घोडा नव्हता हे खरं, पण ते मला नंतर सांगता आलं असतं.

काल त्या मुलीला खरं सांगितलं आणि बाकीचा हिशेबही तपासायला दिला. आणखी दोन चुका निघाल्या.

आई, आता तुझ्याशी. हल्ली तू मला काही बोलत नाहीस. मी मोठी झाले, मला राग येईल, म्हणून गप्प बसतेस ना? निघायच्या आदल्या रात्री माझ्या खोलीत आलीस, पलंगाच्या कडेला बसलीस, "एक सांगू का?" म्हणालीस आणि मग "जाऊ दे" म्हणून उठलीस. मीही विचारलं नाही.

रविवारी फोन करते. काय सांगायचं होतं, ते सांग.

तुमची लेक