गॅरेज गाडीपुरते आहे का, हे जोत्यालाच तपासा

संपादक महोदय,

बंगल्याला किंवा रो-हाऊसला नंतर जोडल्या जाणाऱ्या गॅरेजचा नकाशा टेबलावर आला की एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येते ती मर्यादा) किती उरला, हे आधी पाहिले जाते. त्याआधी गाडीचे माप पाहायला हवे. मोठी एसयूव्ही साधारण पावणेपाच मीटर लांब आणि १.९ मीटर रुंद असते. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत खासगी गॅरेजची कमाल मर्यादा ३ × ६ मीटर, म्हणजे १८ चौरस मीटर आहे. एवढ्यात ती गाडी उभी करून दार उघडून नीट उतरता येते. तरीही ६ × ९ मीटरचे, ५४ चौरस मीटरचे ‘गॅरेज’ मागितले जाते. अशा नकाशात मागच्या भिंतीला खिडकी, कोपऱ्यात नहाणी ट्रॅप (सांडपाण्याची जाळी) आणि शटरशेजारी वेगळे तीन फुटी दार असेल, तर ती भाड्याच्या खोलीची तयारी आहे.

नुसता तळमजल्याचा आराखडा पाहून भागत नाही, उभा छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखी दाखवणारा नकाशा, मागवावा. गॅरेजला २.४ मीटर मोकळी उंची पुरते. छेदात साडेचार मीटर दिसली, तर मध्ये स्लॅब टाकून वर सुमारे दोन मीटरचा माळा काढता येतो. प्रत्यक्ष कामावर कॉलममधून २.४ मीटरच्या पातळीला सळया बाहेर सोडलेल्या आढळल्या, तर काम तिथेच थांबवावे.

बाजूच्या सामासिक अंतरातल्या, म्हणजे घर आणि हद्द यांमध्ये मोकळ्या सोडायच्या जागेतल्या गॅरेजची अट तर अनेक अर्जदारांना कोणी सांगितलेलीच नसते. ते मुख्य इमारतीपासून ३ मीटर आणि प्रवेशरस्त्यापासून किमान ७.५ मीटर दूर हवे. म्हणजे ३ मीटर रुंद गॅरेजसाठी घराची भिंत आणि कुंपण यांत ६ मीटर तरी जागा लागते. घराच्याच भिंतीला टेकवून बांधलेले गॅरेज या अटीत बसतच नाही. समोरचे अंतरही आजच्या कुंपणापासून मोजून चालत नाही. विकास आराखड्यात रस्तारुंदी असेल, तर ते रुंदीकरणाच्या रेषेपासून धरावे लागते.

बाजूचे हे अंतर रिकामे ठेवण्याला कारण आहे. ड्रेनेजची लाइन आणि तिचे चेंबर बहुधा त्याच पट्ट्यात असतात. वर कोबा आणि टाइल्स आल्या की चेंबरचे झाकण गाडले जाते. मग लाइन तुंबली की मैला न्हाणीघरात उलटतो आणि बांबू घालायलाही जागा उरत नाही. स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजमध्ये उघडत असेल, तर सुरू इंजिनातला कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. या वायूला वास नसतो, म्हणून ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते. छपराचे पाणी शेजाऱ्याच्या कुंपणावर पडू नये म्हणून पन्हळ आणि पाइप स्वतःच्या हद्दीत उतरवावा. जोते, म्हणजे पायावरचा चौथरा, भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान १५ सेंटिमीटर उंच असावे लागते. एकास दहा उताराने रॅम्पला दीड मीटर लागतो. तो फाटकाच्या आत बसवला नाही, तर रस्त्याकडेची गटार बुजते.

काळ्या मातीत आणखी एक चूक होते. जुन्या घराचा पाया मुरमापर्यंत गेलेला असतो, गॅरेजचा मात्र दोन-अडीच फुटांवरच थांबवतात. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. नवा स्लॅब जुन्या भिंतीत खाचा मारून बसवला असेल, तर सांध्यावर तडा जातो आणि तिथूनच ओल शिरते. पाया मुरमापर्यंत न्यावा, नव्या भागाला स्वतंत्र कॉलम द्यावेत आणि दोन्ही बांधकामांत फट ठेवावी.

म्हणून विनंती अशी की गॅरेजची जागेवरची तपासणी जोत्याच्या टप्प्यावर झालीच पाहिजे. टेपने चार मापे घ्यायची: लांबी, रुंदी, कुंपणापासूनचे अंतर, मुख्य इमारतीपासूनचे अंतर. चेंबरची जागा नकाशावर खुणेने दाखवून घ्यायची. अर्ध्या तासाचे काम आहे. स्लॅब पडल्यावर तीच चूक हातोड्यानेच दुरुस्त होते.

ज्यांचे बांधकाम परवानगीशिवाय आधीच झाले आहे, त्यांनी महापालिकेच्या शास्तीच्या पावतीवर विसंबू नये. मालमत्ता करासोबतची ही शास्ती, म्हणजे दंड, भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची, म्हणजे अनधिकृत बांधकाम हटवण्याची नोटीस आली, तर तिच्या मुदतीतच कलम ४४ खाली बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करावा. सोबत मोजणी नकाशा, आहे त्या स्थितीचा आराखडा आणि स्ट्रक्चरल अभियंत्याचा दाखला जोडावा. जो भाग नियमात बसत नाही, तो पाडण्याची तयारी त्याच अर्जात लिहून द्यावी. अर्ज फेटाळला गेला, तर कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करायला ४० दिवस मिळतात.

— एक परवानाधारक अभियंता, नाशिक