आधी अंगठा, मग कान

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. बीपी घ्यायची रीत पाठ आहे, रोज वीस जणांचं घेतोस, तरी शेजारी बसलेल्याचा आणि तुझा आकडा जुळत नाही, असं लिहिलं आहेस. वीस वेळा घेतलंस तरी चुकतंय कुठे हे कळायची सोय नसेल, तर चूकच अंगवळणी पडते. म्हणून काही दिवस माणसांचं बीपी घेणं थांबव आणि कृतीचा एकेक तुकडा सुटा करून घोट.

पहिला तुकडा व्हॉल्व्हचा, म्हणजे हवा सोडायच्या झडपेचा. स्टेथोस्कोप बाजूला ठेव. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून तिच्यावर कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा हवेचा पट्टा, बांध. फुगा तळहातात आणि व्हॉल्व्हचा स्क्रू अंगठा-तर्जनीत असा धर, की पकड न बदलता हवा भरता आणि सोडता आली पाहिजे. स्क्रू बेताचाच आवळ. करकचून आवळलास तर सोडताना तो अडकतो, मग एकदम सुटतो आणि काटा एका झटक्यात वीस-तीसने खाली येतो. आता काटा १८० च्या वर ने आणि घड्याळ लावून १८० पासून ६० पर्यंत खाली आण. सेकंदाला २ ते ३ मिमी (डायलवरचा एक आकडा म्हणजे पाऱ्याचा एक मिमी) हा वेग धरला तर ४० ते ६० सेकंद लागायला हवेत. पहिल्या दिवशी बहुतेकांचे पंधरा-वीस सेकंदांत संपतात! लागलेले सेकंद दर वेळी लिहून ठेव.

एवढा कीस कशासाठी? पहिला ठोका ऐकू येतो तो आकडा वरचं बीपी, शेवटचा ऐकू येतो तो खालचं. नाडी मिनिटाला ६० असेल तर दोन ठोक्यांमध्ये एक सेकंद जातो. काटा सेकंदाला १० मिमीने पडत असेल, तर पहिला ठोका ऐकू येईपर्यंत तो खऱ्या आकड्याच्या दहापर्यंत खाली गेलेला असू शकतो. शेवटचा ठोका मात्र खऱ्यापेक्षा वर सापडतो. म्हणजे वरचं बीपी कमी आणि खालचं जास्त. तू कानाला दोष देतोयस, पण गडबड बहुधा अंगठ्याची असावी.

दुसरा तुकडा नाडीचा. कान लावायच्या आधी मनगटाची नाडी चाचपत कफ फुगव. नाडी जिथे बोटाखालून नाहीशी होते तो आकडा लक्षात ठेव आणि हवा पूर्ण सोड. मग ऐकताना त्याच्यावर ३० मिमी भर. ही पायरी बरेच जण गाळतात आणि तिथेच फसतात. काही जणांत ठोके सुरू होऊन मध्येच गप्प होतात आणि खाली पुन्हा उमटतात. समज, ठोके १८० ला सुरू होतात आणि १७० ते १५० शांतता आहे. तू अंदाजाने १६० पर्यंतच फुगवलंस, तर १५० हेच वरचं बीपी समजून मोकळा होशील.

बाकीचं तुला माहीत आहेच: पाच मिनिटं शांत बसवणं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, मोजताना गप्पा नाहीत. कफ लहान पडला तर आकडा वाढतो, हात खाली लोंबकळला तरी वाढतो. बाही वर सरकवून दंडाला आवळू देऊ नकोस. हात सरळ बाहीतून बाहेर काढायला सांग.

कानाचा सराव दोघांनी करायचा. एका डायाफ्रामला (हातावर टेकवायच्या चकतीला) कानाचे दोन जोड असलेला शिकवणीचा स्टेथोस्कोप मिळाला तर उत्तम. दोघांनी एकच मोजणी ऐकायची आणि एकमेकांना न दाखवता आकडे कागदावर लिहायचे. फरक ४ मिमीच्या आत आला की ठीक. तुझे सगळे आकडे शून्यावर संपत असतील तर समज, तू ऐकत नाहीस, अंदाज लिहितोयस. डायलवर खुणा दोन-दोनच्या असतात. त्याच हातावर पुन्हा मोजायचं तर मध्ये एक-दोन मिनिटं जाऊ दे.

रक्त काढण्याबद्दल विचारलंस. रबरी हातावर रोज सराव कर, पण त्याच्यावर फार विश्वास टाकू नकोस. शेकडो सुया टोचून त्यावर भोकं पडलेली असतात, सुई आपोआप वाटेला लागते. खरी शीर सरकते. म्हणून त्या हातावर सुईपेक्षा दुसऱ्या हाताचा अंगठा घोट: टोचायच्या जागेखाली त्वचा ताणून शीर स्थिर धरायची, सुईचं तोंड वर, कोन ३० अंशांच्या आत. टुर्निकेट (शीर फुगावी म्हणून दंडाला आवळायचा पट्टा) मिनिटभरापेक्षा जास्त नको, आणि सुई काढायच्या आधी ते सोडायचं. उलट केलंस तर काळंनिळं होऊ शकतं.

सीपीआरचा, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबण्याचा, सराव लवकर मोडतो, काही महिन्यांतच. वर्षातून एकदा दिवसभराच्या शिबिरापेक्षा मध्ये मध्ये पुतळ्यावर पाच मिनिटं घालवलेली बरी. तीस दाब १५ ते १८ सेकंदांत, खोली ५ ते ६ सेंमी. पुतळ्याची ‘टक्’ फक्त खोली सांगते. दाबानंतर छाती पूर्ण वर येतेय का, हे शेजारच्याला बघायला सांग. दमल्यावर आपण नकळत छातीवर रेलतो आणि हृदय भरायला जागाच राहत नाही.

पण हे सगळं नंतर. आधी टॉवेल आणि घड्याळ. पुढच्या पत्रात दहा दिवसांचे सेकंद लिहून पाठव, खाडाखोड न करता.

तुझाच,
मित्र